शिंपल्यांची कैफियत

वरठी हे गाव रेल्वेच्या वेळापत्रकात भंडारा रोड या नावाने वावरते, आणि पूर्वेचा असो वा पश्चिमेचा, समुद्र तेथून शेकडो मैल दूर आहे. अशा ठिकाणी, गावालगतच्या एका जुन्या मालगुजारी तलावात गुडघाभर पाण्यात उभी राहून, विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील एक संशोधक विद्यार्थिनी चिखल चाचपीत शिंपले वेचीत होती. वेचलेला प्रत्येक शिंपला ती धुऊन घेई, न्याहाळी, आणि जो अंगठ्याच्या स्पर्शासरशी घट्ट मिटेल तोच ओल्या गोणपाटात ठेवी. तिच्या मदतीला आलेल्या ढिवर समाजातील एका वृद्ध गृहस्थांनी अखेर विचारले, "तुम्ही हे खात नाही, इकत नाही, मंग नेता कायले?" त्यावर ती म्हणाली, "त्यांना कशाचा त्रास होतो, ते विचारायला नेतो, बाबा." हे उत्तर तिने इतक्या सहजपणे आणि तरीही इतक्या गांभीर्याने दिले की, मुक्या प्राण्याला असा प्रश्न कोणत्या रीतीने विचारतात हे पाहिल्यावाचून मला स्वस्थ बसवेना, आणि तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांच्या अनुज्ञेने मी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊ लागलो.

अपृष्ठवंशीय प्राण्यांवर पडणाऱ्या ताणाचा अभ्यास मुख्यतः समुद्राच्या आश्रयाने वाढला, कारण ओहोटीला उघडे पडणारे आणि भरतीला पुन्हा बुडणारे शिंपले, कालवे, खेकडे हे उष्णता, कोरडेपणा आणि क्षारता यांचे आघात नित्यच सोशीत असतात. तथापि त्या अभ्यासासाठी समुद्राच्या शेजारीच बिऱ्हाड असले पाहिजे असे नाही. १९५८ साली औरंगाबादेस स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठातून प्रा. आर. नागभूषणम् आणि यू. एच. माने यांनी रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतील शिंपल्यांचे प्रजनन आणि श्वसन यांवर गेल्या शतकाच्या आठव्या दशकात निबंध प्रसिद्ध केले, आणि पठारावरच्या विद्यापीठालाही खाडीचे प्रश्न हाती घेता येतात हे दाखवून दिले. आमच्या तलावातील शिंपला, ज्याचे शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, हा त्या सागरी शिंपल्यांचा दूरचा भाऊबंद होय. परंतु त्याचे जिणे एका अर्थाने अधिक बिकट आहे. समुद्रातील शिंपल्याचे रक्त सभोवारच्या पाण्याइतकेच खारे असल्याने त्याला त्या बाबतीत झगडावे लागत नाही. गोड्या पाण्यातील शिंपल्यांनी मात्र आपल्या रक्तातील क्षार अत्यल्प, समुद्राच्या मानाने सुमारे विसाव्या हिश्श्यावर, आणून ठेवले आहेत, आणि तरीही अंगात सतत शिरणारे पाणी अहोरात्र बाहेर टाकीत राहणे त्यांना चुकत नाही.

प्रयोगशाळेतील नित्यकर्म थोडक्यात सांगण्यासारखे आहे: शिंपले हौदात सोडावयाचे, पाण्यात हवा खेळती ठेवावयाची, रोज पाणी बदलावयाचे, आणि प्राणी नव्या जागेला रुळले की मग प्रयोग मांडावयाचा. विशेष आहे तो मुदतीचा. "९६ तास", असे त्या विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी सांगितले, आणि नंतर ती संख्या तेथील प्रत्येकाच्या तोंडून, फळ्यावरून, नोंदवहीच्या रकान्यांतून मला पुनःपुन्हा भेटत राहिली. विषारी द्रव्याच्या किती मात्रेने ९६ तासांत निम्मे प्राणी मरतात, हे काढण्याची ही सर्वमान्य रीत. तिचे मूळ १९२७ साली जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने औषधांच्या मात्रा ठरविण्यासाठी सुचविलेल्या निम्म्या मृत्यूच्या मापात आहे. सरकारी कचेरीत सादर करण्यास अशी संख्या फार सोयीची. परंतु शिंपल्याच्या बाबतीत ती किती भरवशाची, याविषयी खुद्द त्या प्रयोगशाळेतच शंका होती, आणि जसजसे मी पाहत गेलो तसतशी ती माझ्याही मनात दृढ होत गेली.

कारण शिंपला मिटू शकतो. दोन्ही शिंपा एका लवचिक बंधाने जोडलेल्या असतात आणि त्या बंधाचा स्वाभाविक कल उघडण्याकडे असतो. मिटून राहावयाचे तर आतील स्नायूंना ताणून धरावे लागते, आणि निसर्गाने त्या स्नायूंना असे सामर्थ्य दिले आहे की, फारच अल्प शक्ती वेचून ते दीर्घकाळ आवळलेले राहतात. पाण्यात अपायकारक काही आले की शिंपला दार लावून घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो सुखरूप वाटतो, परंतु आत प्राणवायू संपलेला असतो, साठविलेल्या शर्करेचे प्राणवायूवाचून विघटन चालू असते, आम्ल साचत असते. आणि त्या आम्लाचा दाह शमविण्यासाठी तो आपल्याच शिंपेतील चुना आतून विरघळवीत असतो. सागरी शिंपल्यांतील ही क्रिया क्रेनशॉ आणि नेफ या दोन संशोधकांनी १९६९ साली दाखवून दिली. म्हणजे ९६ तासांच्या अखेरीस 'जिवंत' या रकान्यात ज्याची नोंद होते, तो आपले घर जाळून ऊब घेत असलेला प्राणी असू शकतो.

म्हणून ही मंडळी मरणापेक्षा श्वास मोजण्याला अधिक महत्त्व देतात. शिंपल्यावर वाढलेले शेवाळ प्रथम कुंचल्याने खरवडून काढतात, कारण शेवाळही श्वास घेते आणि हिशेब बिघडवते. मग शिंपला हवाबंद बरणीत ठरावीक वेळ ठेवून, आधीच्या आणि नंतरच्या पाण्यातील प्राणवायूची तुलना करतात. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिलेली रीत अजूनही तेथे निष्ठेने पाळली जाते. काचेच्या बुचाच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचे क्षारयुक्त द्रावण पडले की तपकिरी साका धरतो. पाण्यात प्राणवायू कमी असेल तितका तो फिकट. गंधकाम्ल घालताच साका विरून पाणी पिवळे होते, आणि मग ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडावयाचे. पिवळेपणा ओसरत आला की पिष्टाचे द्रावण घालतात, त्यासरशी पाणी गर्द निळे होते. आणि त्यानंतर एक थेंब असा येतो की, ज्याने सारा निळेपणा क्षणात नाहीसा होतो. तो थेंब ओलांडू नये म्हणून त्या विद्यार्थिनीचा हात तोटीवर ज्या सावधपणे थांबे, तो सावधपणा मी अद्याप विसरू शकलेलो नाही.

याच मापनातून वैशाखातील तलावाचे खरे संकट उकलते. २० अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. आणि दुसरीकडे, सोसण्याच्या मर्यादेत, उष्णता १० अंशांनी वाढली की अशा प्राण्यांची प्राणवायूची गरज साधारणतः दुपटीच्या घरात जाते. गरज वाढावी आणि पुरवठा घटावा, या कात्रीत शिंपला उन्हाळा काढतो. धानाच्या बांध्यांतून कीटकनाशके वाहून येतात ती त्यानंतर, पावसाळ्यात, जेव्हा त्याची गंगाजळी आधीच आटलेली असते.

एके सकाळी हौदांच्या खोलीत शिरताच कुजका, घशाशी बसणारा वास आला. एक मेलेला शिंपला हौदभर पाणी नासवतो, म्हणून रात्रीही फेरी घालावी लागते. तरी एक नजरेतून सुटला होता. विद्यार्थिनीने काचेची कांडी घेऊन एकेका अर्धवट उघड्या शिंपल्याच्या कडेला लावून पाहिली. जो मिटेल तो जिवंत, जो मिटणार नाही तो मृत, अशी कसोटी. शेवटच्याच्या कडेशी कांडी टेकली, काही झाले नाही. पुन्हा टेकली, तरी नाही. ती लगेच नोंद करीना. पुष्कळ वेळाने त्या शिंपा किंचित, अगदी केसभर, जवळ आल्या. तलावावरच्या त्या वृद्ध गृहस्थांनीही असाच एक सुस्त शिंपला तिला फेकू दिला नव्हता. "मेला नाही जी तो, दमला हाये," असे ते म्हणाले होते. त्यांच्या त्या बोलण्यातले तथ्य मला या ठिकाणी कळले. मरण आणि जीवन यांच्यामध्ये थकव्याचा एक विस्तीर्ण प्रांत आहे, आणि ९६ तासांच्या हिशेबात त्याला रकानाच नाही.

हा प्रांत मोजणे म्हणजेच या मंडळींचे खरे कार्य होय, असे माझे मत झाले आहे. या शिंपल्यांची पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटून वाढतात. मोठे शिंपले पाणी गाळून निवळ ठेवतात. तेव्हा शिंपला थकला तर तलाव थकला, आणि तलाव थकला तर ढिवरांचे जाळे रिकामे आले, अशी ही साखळी आहे. एखाद्या तलावाच्या पाण्याला निर्धोकपणाचा दाखला द्यावयाचा असेल, तर निम्मे प्राणी केव्हा मेले एवढीच रुजवात पुरेशी मानू नये. उरलेले निम्मे कोणत्या किमतीवर जगले, याची चौकशी महिनोन्‌महिने, ऋतूमागून ऋतू, तलावावर प्रत्यक्ष जाऊन व्हावयास हवी. ते काम संथ आहे, त्यास पैसा थोडा आणि माणसे पुष्कळ लागतात, आणि त्यातून एका ओळीत सांगण्याजोगी संख्या निघत नाही. तरीही मालगुजारी तलावांच्या या जिल्ह्यात ते प्रत्येक तालुक्यात चालू झाले पाहिजे; कारण शिंपले मरू लागल्यावर जे कळते, त्याचा तलावाला काही उपयोग उरलेला नसतो.