कर्करोग समजून घेताना – भाग ९ : घटलेल्या वजनाचा हिशेब

केमोथेरपीचा डोस रुग्णाची उंची आणि वजन यांवरून कसा ठरतो, हे मागच्या भागात पाहिलं. आज त्याच वजनाची दुसरी बाजू पाहू. काटा आज किती दाखवतो याइतकंच, सहा महिन्यांपूर्वी किती दाखवत होता हे विचारणं महत्त्वाचं असतं. "आजारच असा, माणूस खंगणारच" असं म्हणून घरचे गप्प बसतात. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांच्या नजरेतूनही ते सुटतं. पण ही घट मोजता येते, आणि वेळेवर मोजली तर काही करताही येतं.

ती का मोजायची, याचं उत्तर जुनं आहे. १९८० साली अमेरिकेत केमोथेरपी सुरू होण्याआधीच्या ३,०४७ रुग्णांची माहिती तपासली गेली. जठर आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात दर पाच रुग्णांमागे चारांहून अधिक जणांचं वजन उपचारांपूर्वीच उतरलेलं होतं. बहुतेक प्रकारच्या कर्करोगांत वजन उतरलेले रुग्ण, वजन टिकलेल्यांपेक्षा कमी काळ जगले.

असं का व्हावं? उपाशी माणसाचं शरीर हळूहळू चरबीवर चालू लागतं आणि स्नायू शक्य तितके राखतं. कर्करोगात ही राखण मोडते. गाठ आणि तिच्याशी लढणारी प्रतिकारयंत्रणा यांतून दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात. त्यामुळे भूक मरते आणि स्नायूंतली प्रथिनं झपाट्याने तुटतात. या अवस्थेला कॅकेक्सिया म्हणतात. नुसतं जास्त खाऊ घालून ती पूर्ण उलटत नाही, म्हणून ती लवकर ओळखायला हवी. २०११ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक घट ही तिची खूण आहे. ज्यांचा बीएमआय २० पेक्षा कमी आहे किंवा स्नायू आधीच झिजले आहेत, त्यांच्यात २ टक्क्यांहून अधिक घटही पुरेशी धरतात.

हिशेब सोपा आहे. पूर्वी ६० किलो, आता ५४. सहाला साठने भागून शंभरने गुणलं की १० टक्के. मात्र पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा फसवतो. म्हणून कानशिलं खोल गेली आहेत का, खांद्याची हाडं वर आली आहेत का, हेही पाहावं लागतं. पीजी-एसजीए या तपासणीपत्रात रुग्ण स्वतः चार गोष्टी भरतो : वजन, आहार, खाण्यात अडथळा आणणारे त्रास आणि रोजची हालचाल. बाकीचा भाग डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ भरतात. एकूण गुण ९ किंवा अधिक आले तर तातडीने हस्तक्षेप हवा. रक्तातलं अल्ब्युमिन कमी आलं की घरचे अंड्याचा पांढरा भाग वाढवतात. अंडं चांगलंच, पण अल्ब्युमिन दाहामुळेही घसरतं. त्या एका आकड्यावरून पोषण ठरवू नये.

सर्वांत सहज निसटतो तो अंगाने भरलेला रुग्ण. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात २००८ साली २५० स्थूल रुग्णांचे सीटी स्कॅन कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर तपासले गेले. चरबीखाली ज्यांचे स्नायू झिजले होते, त्यांचं मध्यक आयुर्मान ११.३ महिने होतं. स्नायू शाबूत असलेल्यांचं २१.६ महिने. पुढे २०१५ साली बीएमआय आणि वजनातली घट एकत्र धरून, मुख्यतः प्रगत अवस्थेतल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांची पाच श्रेणींत विभागणी झाली. सर्वांत चांगल्या श्रेणीत मध्यक आयुर्मान २०.९ महिने, तर सर्वांत वाईट श्रेणीत ४.३ महिने निघालं.

हे आकडे वाचून घाबरू नका. वजन घटणं हे काही अंशी आजाराच्या जोराचंही लक्षण असतं, त्यामुळे सगळा फरक अन्नाचा नाही. पण अन्नाचा वाटाही आहेच. लिस्बनमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या १११ रुग्णांच्या अभ्यासात, नेहमीच्या जेवणातूनच काय आणि कसं खावं याचा वैयक्तिक सल्ला मिळालेल्या गटाचं पोषण उपचारांनंतर तीन महिन्यांनीही टिकलं. पुढच्या काही वर्षांच्या पाहणीत हा गट जगण्यातही पुढे राहिला. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये केमोथेरपीबरोबर ओलान्झापिनची अगदी लहान मात्रा दिल्यावर अनेकांची भूक आणि वजन वाढलं. अर्थात, हे औषध डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यायचं.

साधारणपणे रोज किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या घरांत मात्र नेमकं याच वेळी 'पथ्य' सुरू होतं. साखरेने गाठ वाढते म्हणून गोड बंद, मग दूध बंद, अंडी-मासळी बंद. कर्करोगाला उपाशी ठेवण्याच्या नादात आपण माणसालाच उपाशी ठेवतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर बंधनं डॉक्टरांकडून समजून घ्या. एरवी दही, मुगाचं कढण, शेंगदाण्याचं कूट, मऊ खिचडीवर तूप, जे उतरेल ते थोडं थोडं, दर दोन तासांनी द्या. आग्रहाने ताट पुढे सरकवू नका. रुग्णाची भूक आजाराने मारलेली असते, हट्टाने नव्हे.

या आठवड्यात एवढंच करा : फाइलच्या पहिल्या पानावर आजाराआधीचं वजन लिहा, त्याखाली दर आठवड्याचं. घट ५ टक्क्यांजवळ आली की पुढच्या तारखेची वाट न पाहता आहारतज्ज्ञांची भेट मागा. ती उपचारांचाच भाग आहे.

(पुढील भागात : तोंडाच्या कर्करोगात गिळता येत नाही तेव्हा – नळीतून आहार)