वीतभरही नाही ते शेपूट

१३५ मिलिमीटर. अंगठा आणि करंगळी ताणून जी वीत होते, तिच्याहूनही कमी. मारुतीच्या आजच्या स्विफ्टची लांबी ३,८६० मिलिमीटर आणि तिलाच डिक्की जोडून केलेल्या डिझायरची ३,९९५. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोघींचं सारखंच, २,४५० मिलिमीटर. म्हणजे वाढलं ते फक्त शेपूट. पण तेवढ्यात सामानाची जागा २६५ लिटरवरून ३८२ लिटरवर जाते. लांबी वाढली साडेतीन टक्क्यांनी, जागा ४४ टक्क्यांनी.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलं, की एमएच ३४ किंवा एमएच ३३ ची, पिवळ्या पाटीची, पांढरी डिझायर दिसतेच. ही गाडी कुणाच्या स्वप्नात येत नाही. पोरं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढत नाहीत. पुढून हॅचबॅक, मागून सुटकेस चिकटवल्यासारखी, अशी तिची ख्याती. तरीही ती खपते. का खपते याचं उत्तर डोळ्यांनी शोधायला गेलं तर सापडत नाही, मोजपट्टीनं सापडतं.

चार मीटरची रेघ

हे आखूड शेपूट कुठल्या कलाकारानं कागदावर काढलेलं नाही, ते अर्थसंकल्पातून आलं. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी कुठली? लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत. इंजिन पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत. हॅचबॅक आपोआप रेघेच्या आत होत्या. डिक्कीवाल्या गाड्या वीत-दीड वीत बाहेर पडत होत्या.

मग कात्री चालली. टाटांनी २००८ च्या सुरुवातीला इंडिगो सीएस आणली, लांबी ३,९८८ मिलिमीटर. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेली पहिली डिझायर मात्र ४,१६० मिलिमीटरची होती आणि तिची डिक्की ४४० लिटरची. २०१२ मध्ये दुसरी डिझायर आली ती ३,९९५ मिलिमीटरची, डिक्की ३१६ लिटर. १६५ मिलिमीटर कापले आणि १२४ लिटर गेले. दर मिलिमीटरमागे पाऊण लिटर. गंमत म्हणजे त्याच वेळी चाकांमधलं अंतर २,३९० वरून २,४३० मिलिमीटर झालं. बसणाऱ्याला जागा वाढवायची आणि गाडी आखडायची, तर सुरी शेपटावरच फिरणार. त्या पिढीची गाडी मागून तुटल्यासारखी दिसते ती यामुळे.

२०१७ मध्ये तिसरी डिझायर आली. लांबी तीच, ३,९९५. डिक्की ३७८ लिटर. एकही मिलिमीटर न वाढवता ६२ लिटर परत मिळवले. नोव्हेंबर २०२४ च्या चौथ्या पिढीत आणखी चार लिटरची भर पडली. म्हणजे पहिल्या गाडीचे ४४० लिटर काही परत आले नाहीत, पण कापलेल्या जागेतली निम्म्याहून जास्त वसूल झाली.

एका मिलिमीटरची किंमत

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि चार मीटरची रेघ तशीच राहिली. रेघेच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर, असे २९ टक्के. रेघ ओलांडली आणि इंजिन १,५०० सीसीपर्यंत असलं, तर त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून २८ आणि १७ मिळून ४५. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला. छोट्या गाडीवर १८ टक्के, मोठीवर ४०. दोन्ही स्वस्त झाल्या, पण दोघींमधली दरी १६ टक्क्यांवरून २२ वर गेली.

हिशेबासाठी करापूर्वी सहा लाखांची गाडी धरू. आधी छोटीवर १ लाख ७४ हजार कर बसायचा, लांब गाडीवर २ लाख ७० हजार. फरक ९६ हजार. आता १ लाख ८ हजार आणि २ लाख ४० हजार; फरक १ लाख ३२ हजार. डिझायरचं २०१२ मध्ये कापलेलं १६५ मिलिमीटरचं शेपूट आज परत जोडायचं म्हटलं, तर दर मिलिमीटरला ८०० रुपये नुसता कर पडेल. त्या शेपटाला कुरूप म्हणण्याआधी हा दर लक्षात ठेवलेला बरा.

मूलच्या रस्त्यावर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी रस्त्याकडेला एक डिझायर डिक्की उघडून उभी होती. आत तांदळाचे पंचवीस-पंचवीस किलोचे कट्टे. लोखंडाला घासून फाटू नयेत म्हणून खाली जुनी सतरंजी अंथरलेली, आणि कडेच्या फटीत एक दोरीचं वेटोळं नि पाण्याची कॅन. चालकाला विचारलं, उंच गाडी का नाही घेतली? कट्टा खांद्यावरून उतरवत तो म्हणाला, “उंच गाडीत कट्टा उचलून टाका लागते जी. हिच्यात सरकवला का झालं.”

तो भाग धानाचा. एचएमटी नावाचा जो तांदूळ महाराष्ट्रभर जातो, त्याचं वाण याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून-निवडून तयार केलं. नागपूरला शिकणाऱ्या पोराकडे, पुण्याला दिलेल्या लेकीकडे घरचा तांदूळ जातो, तो कुणाच्या तरी डिक्कीतून.

किती जातो, ते मोजू. लिटरभर मापात साधारण ८०० ग्रॅम तांदूळ मावतो. म्हणजे २५ किलोच्या कट्ट्याला ३१ लिटर जागा. ३८२ लिटरच्या डिक्कीत कागदावर बारा कट्टे बसतात. पण गाडीला वजनाचीही मर्यादा असते. रिकाम्या डिझायरवर माणसं-सामान मिळून साधारण साडेचारशे किलो भार टाकता येतो. ६५ किलोची पाच माणसं बसली की ३२५ गेले, उरले सव्वाशे: पाच कट्टे. डिक्की अर्धीसुद्धा भरत नाही आणि गाडीची ताकद संपते. आत दोघंच असतील तर बारा कट्ट्यांचे तीनशे किलो हिशेबात बसतात. म्हणजे डिक्कीची सगळी ऐपत वापरायची तर मागची सीट रिकामी ठेवावी लागते. अनुभवी चालकाला हे आकड्यांनी नाही, मागचं टायर किती बसलंय ते बघून कळतं.

वास, धूळ आणि मे महिना

लिटर-किलोच्या पलीकडे आणखी एक कारण आहे आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. मार्च-एप्रिलमध्ये या भागात मोहफुलं वेचली जातात. वाळलेल्या मोहाचा वास गोड, जड आणि चिवट. त्याच्या जोडीला कधी सुकी मासळीही असते. हॅचबॅकमध्ये मागच्या सीटच्या डोक्यामागे नुसतं एक पातळ झाकण असतं. वास थेट माणसांत येतो. डिक्कीवाल्या गाडीत सामानाची खोली वेगळी. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नेहमीचं. त्या उन्हात काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत हा वेगळेपणा फार कामाचा.

ताडोब्याच्या पर्यटकांचंही तेच. नागपूरच्या विमानतळावरून चौघं उतरतात, प्रत्येकाची साधारण ६५ लिटरची बॅग. चार बॅगांचे २६० लिटर होतात. स्विफ्टच्या २६५ लिटरमध्ये ते फक्त कागदावर मावतात, कारण बॅगा काही पाण्यासारख्या ओतता येत नाहीत. डिझायरमध्ये मावतात आणि वर पिशव्या ठेवायला जागा उरते. पुढे मोहर्ली किंवा कोलारा गेटला जिप्सीचा रुबाब सुरू होतो. फोटोत जिप्सी येते. तिथवर आणणारी पांढरी गाडी झाडाखाली उभी असते.

फॅशनचे आकडे

आता उलट बाजूचे आकडे. सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेनुसार २०१८-१९ मध्ये देशात ३३.७७ लाख प्रवासी वाहनं विकली गेली. त्यांत हॅचबॅक-सेडान मिळून २२.१९ लाख, एसयूव्ही आणि तत्सम उंच गाड्या ९.४१ लाख, म्हणजे २८ टक्के. २०२४-२५ मध्ये एकूण ४३.०२ लाख, त्यांत उंच गाड्या २७.९७ लाख, ६५ टक्के. हॅचबॅक-सेडान १३.५३ लाखांवर घसरल्या. सहा वर्षांत बाजार उलटापालटा झाला.

या लाटेत आखूड शेपटाच्या पुष्कळ गाड्या वाहून गेल्या, आणि त्यांतल्या काही महाराष्ट्रातच जन्मल्या होत्या. चाकणची फोक्सवॅगन अमियो गेली, रांजणगावची टाटा झेस्ट गेली. फोर्डची अस्पायर, ह्युंदाईची एक्सेंट गेली. उरल्या चार: डिझायर, ऑरा, अमेझ आणि टिगोर.

पण उरलेल्यांचा खप बघा. २०१८ या कॅलेंडर वर्षात डिझायर २ लाख ६४ हजारांहून जास्त विकली गेली आणि देशातली सर्वाधिक खपाची गाडी ठरली. २०२४ अखेर डिझायरचं एकूण उत्पादन ३० लाखांवर गेलं. २०१७ मध्ये नवी आली तेव्हा कंपनीनं जुनी मोडीत न काढता ‘टूर एस’ नावानं टॅक्सीवाल्यांसाठी चालू ठेवली. इथूनच तिची बदनामीही सुरू झाली. टॅक्सीत जी दिसते ती दारात कशी उभी करायची? ज्याला मिरवायचं आहे त्याला हा आक्षेप मोठा वाटतो. ज्याला गाडीवर पोट भरायचं आहे, त्याला हेच प्रशस्तिपत्र. टॅक्सीवाल्यांनी लाखो किलोमीटर पिळून पाहिलेली गाडी. तिचा सुटा भाग आणि तो बसवणारा मिस्त्री तालुक्यातच मिळतो.

उंच गाडीशी थेट तुलना करायची तर मारुतीच्याच घरातली घेऊ. ब्रेझाची लांबीही ३,९९५ मिलिमीटर, डिझायरइतकीच. पण इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणून ती मोठ्या गाड्यांत गणली जाते आणि कर ४० टक्के. डिक्की ३२८ लिटर, डिझायरपेक्षा ५४ नं कमी. कंपनीच्या मोजणीनं पेट्रोल डिझायर हातगिअरवर लिटरला २४.७९ किलोमीटर जाते, ब्रेझाची साधी आवृत्ती १७.३८. चंद्रपूर-नागपूर जाऊन-येऊन सुमारे ३०० किलोमीटर. डिझायरला १२ लिटर लागतं, ब्रेझाला सव्वासतरा. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर एका फेरीत साडेपाचशे रुपयांचा फरक. प्रत्यक्षात दोघीही कमीच जातात, पण प्रमाण साधारण तेच राहतं.

जिथे शेपूट टेकतं

मग सगळ्यांनी हीच का घेऊ नये? कारण १६३ मिलिमीटर. डिझायरच्या पोटाखाली जमिनीपासून एवढंच अंतर आहे, ब्रेझाच्या पोटाखाली २०० च्या आसपास. आणि हे १६३ रिकाम्या गाडीचे. कट्टे टाकले की तेही कमी होतात. चंद्रपूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी या पट्ट्यात तेवढं चालतं. आलापल्लीच्या पुढे भामरागड, एटापल्लीकडे वळलं की बोलेरोचं राज्य. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. तिथे ना शेपूट कामाचं, ना उंची.

जगाचा नकाशाही अशीच वाटणी दाखवतो. फोक्सवॅगननं १९७९ मध्ये गोल्फला डिक्की जोडून जेट्टा केली. युरोपला गोल्फच आवडली, जेट्टा अमेरिकेत रुजली. रेनोच्या क्लिओला शेपूट जोडलं ते तुर्कस्तानात खपलं, पुझोच्या २०६ ला जोडलं ते इराणात. जिथे घरात एकच गाडी असते आणि तिनंच लग्नाला, दवाखान्यात नि बाजारालाही जायचं असतं, तिथे शेपटाला मागणी येते.

आपल्याकडे ती मागणी कुठून येते ते २०११ च्या जनगणनेत दिसतं. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १०,७२,९४२. चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं. चंद्रपुरात १९३, अख्ख्या महाराष्ट्रात ३६५. माणसं विरळ असली की गावं लांब, दवाखाना लांब, कॉलेज लांब. जाणारा एकटा जात नाही आणि रिकाम्या हातानं तर मुळीच जात नाही. मूलच्या त्या चालकानं शेवटचा कट्टा सरकवला, वर एका म्हातारीचं गाठोडं ठेवलं आणि डिक्की दाबून लावली. पहिल्यांदा लागली नाही. गाठोडं थोडं आडवं केलं, मग लागली.