पाळक घरी कसा होता?

बुऱ्हाणपूर-खांडव्यापासून भुसावळ-जळगावपर्यंत आणि तिकडं वऱ्हाडात अकोला-अमरावतीपर्यंत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या अमेरिकी मिशननं आपली ठाणी बसवली. चर्च, लगत शाळा, दुष्काळ पडला की अनाथ मुलांची सोय, असा अशा ठाण्यांचा साधारण साचा असे. तिथं आयुष्य वेचलेल्या पाळकांविषयी जे छापलं गेलं ते बहुतेक मिशनच्या अहवालांत आणि मृत्युलेखांत. अहवाल देणगीदारांसाठी, त्यामुळे त्यांत बाप्तिस्म्यांचे आणि पटावरच्या मुलांचे आकडे. मृत्युलेखाची भाषा तर ठरूनच गेलेली: निष्ठावंत सेवक, कुटुंबवत्सल गृहस्थ, हाडाचा शिक्षक. तिन्ही विशेषणं एका दमात येतात आणि ती एकमेकांच्या आड कधीच येत नसावीत अशी वाचणाऱ्याची समजूत होते. पाळकाची बायको यावर काय म्हणाली असती, हे विचारायची सोय या कागदांत नाही. ती सोय मराठीत एका पाळकाच्या बाबतीत मात्र भरपूर आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरानं आपली साक्ष स्वतः लिहून ठेवली. ती वाचून माझं मत असं झालं आहे की टिळकांच्या ठायी पाळक आणि गृहस्थ यांचं जन्मभर भांडण होतं आणि ते जेव्हा जेव्हा मिटलं, तेव्हा मध्यस्थी त्यांच्यातल्या शिक्षकानं केली.

चरित्राचा सांगाडा बहुतेकांना ठाऊक आहे. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्म, नाशकात संस्कृतचं अध्ययन, मग पोटासाठी गावोगावी शिक्षकी, नागपुरात आप्पासाहेब बुटींचा आश्रय. १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं हातात नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. पुढं अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात अध्यापन, १९०४मध्ये पाळकपदाची दीक्षा, १९१२पासून 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन. हे सगळं कोणत्याही अहवालात नीट बसतं. बसत नाही ती गोष्ट वेगळी: बाप्तिस्मा घेताना त्यांनी बायकोला कळवलं नव्हतं.

पहिला आक्षेप इथंच उभा राहतो. त्यांची बायको लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह, दत्तूसह, नातलगांच्या आधारानं पंढरपूर-नाशकात दिवस काढत होत्या आणि ही ताटातूट वर्षानुवर्षं चालली. अशा माणसाला कुटुंबवत्सल कोणत्या तोंडानं म्हणायचं? आक्षेप खरा आहे आणि टिळकांच्या कविस्वभावाकडे बोट दाखवून तो उडवून लावता येत नाही. लक्ष्मीबाईंना भोगावं लागलं ते भोगावंच लागलं. तरीही त्या काळात टिळकांना काय करता आलं असतं, हेही पाहायला हवं. धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा १८६६पासून लागू होता. धर्म बदलल्यामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल, तर धर्मांतरितानं न्यायालयात जावं, न्यायाधीशानं विचाराला एक वर्ष द्यावं आणि तरीही नकारच राहिला तर विवाह मोडून द्यावा, अशी त्यात तरतूद होती. टिळक त्या वाटेनं गेले नाहीत. दत्तूही आईजवळच राहिला. हा त्यांचा मोठेपणा म्हणून मिरवावा असं मी म्हणत नाही. ज्याच्यामुळे घर मोडलं त्यानं निदान ते कागदोपत्री मोडलं नाही, एवढंच. पण पुढचं सगळं या एवढ्यावर उभं राहिलं.

लक्ष्मीबाई टिळकांकडे परत आल्या त्या हिंदू म्हणून, आपलं सोवळं-ओवळं घेऊन. पाळक होऊ घातलेल्या माणसाच्या घरात बायकोची चूल वेगळी, पाणी वेगळं, ही गोष्ट मिशनच्या डोळ्यांना सुखाची नसणारच. इथं टिळकांनी उपदेशकाचा घाईघाईचा मार्ग सोडला. चांगला मास्तर उत्तर सांगून टाकत नाही, गणित पोराला सोडवू देतो. टिळकांनी तसंच केलं. जातिभेद माणसानं केला की देवानं, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःशी उगाळला आणि कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं ठरवलं तेही स्वतःच. बाप्तिस्मा त्यानंतर, १९००मध्ये. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी विचार बदलला, मग वागणं, आणि धर्माची नोंद सर्वांत शेवटी. नवऱ्याच्या बाबतीत तो क्रम इतका नीट नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं.

अक्षरओळखीचंही तसंच. १९०१च्या जनगणनेत हिंदुस्थानातल्या साक्षर बायका हजारी साताच्या आसपास होत्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, म्हणजे माहेरच्या लक्ष्मीबाई, शाळेचं तोंडही न पाहता सासरी आली होती. टिळकांची शिकवणी शिस्तीची नव्हती. लहर आली की शिकवायचे, ओसरली की विसरायचे. पण घरात सतत कविता, वाद, पाहुणे, छापखान्याची मुद्रितं. त्यात दुष्काळानंतर अनाथ मुलांची भर पडली आणि लक्ष्मीबाईंना आपल्या चार अक्षरांसकट पोरांची आई व्हावं लागलं. हे शिक्षण कोणत्याही अहवालाच्या रकान्यात गेलं नसतं.

दुसरा आक्षेप अधिक व्यापक आहे आणि बुऱ्हाणपूरपासून नगरपर्यंत सगळ्याच मिशन शाळांना तो लागू होतो: शिकवणं हा धर्मांतराचा गळ होता. संस्थांपुरता हा आक्षेप पुष्कळ अंशी मान्य करावा लागेल, कारण संस्थांनी आपला हेतू कधी लपवला नव्हता. माणसांपुरता मात्र तो तपासून घ्यावा लागतो आणि तपासायला बालकवींहून चांगलं उदाहरण नाही. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, तापीच्या खोऱ्यातल्या धरणगावचे. जळगावच्या १९०७मधल्या कविसंमेलनात हा सतरा वर्षांचा मुलगा पुढं आला. पुढं तो नगरला टिळकांच्या घरी राहिला, जेवला, लिहिता झाला, लक्ष्मीबाईंच्या मायेत वाढला. तिथून तो कवी होऊन निघाला. ख्रिस्ती झाला नाही. वर्षानुवर्षं हाताशी असलेला, हळवा, आधाराला भुकेलेला पोरगा: गळ टाकायचाच असता तर यापेक्षा सोपा मासा कोणता? ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवी गेले.

उपासनेतही टिळकांमधला शिक्षकच दिसतो. मराठी ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात टिळकांची नव्हे; नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ती त्यांच्याआधी रुजवली होती. टिळकांनी अभंग आणि भजन यांना मंडळीत अशी जागा मिळवून दिली की निरक्षर माणसालाही धर्मविचार पाठ व्हावा. वारकऱ्यांची ही जुनीच शाळा. उपासनेच्या गीतसंग्रहांत टिळकांच्या गीतांचा आजही मोठा वाटा आहे तो यामुळेच. छापलेलं प्रवचन वाचता येणारे मंडळीत थोडे होते, टाळ धरता येणारे बहुतेक सगळे.

पण घराशी भांडण संपलं असं समजू नये. १९१७मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी ती कल्पना. पाळक म्हणून हा त्यांचा सर्वांत धाडसी विचार होता. गृहस्थ म्हणून पुन्हा तोच जुना प्रश्न: चूल कोणी पेटवायची? हातात पैसा न टिकणाऱ्या माणसाचा संसार लक्ष्मीबाई आधीपासूनच ओढत होत्या. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले, तेव्हा दरबार जेमतेम उभा राहत होता. परदेशी पैशावाचून स्वतःच्या पायावर उभी राहणारी देशी मंडळी हे त्यामागचं स्वप्न मला आजही पटतं. त्याची किंमत घरातल्यांना विचारून ठरली होती असं मात्र म्हणवत नाही.

उरला तिसरा आक्षेप, आणि तो लक्ष्मीबाईंच्या बाजूचा आहे. त्यांच्या कर्तृत्वाचं श्रेय नवऱ्याच्या शिकवण्याला देणं हा पुन्हा एकदा त्यांच्यावरचा अन्याय नाही का? लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राची भाषा टिळकांची नाहीच. टिळकांचं गद्य पंडिताचं, संस्कृतात मुरलेलं. बाईंचं वाक्य छोटं, बोलतं, स्वतःवर आधी हसणारं आणि मग नवऱ्यावर. १९३४पासून हे आत्मचरित्र भागांनी पुस्तकरूपात आलं तेव्हा टिळक जाऊन पंधरा वर्षं झाली होती. म्हणजे श्रेय द्यायचं ते घडवण्याचं देता येणार नाही. ज्याच्या चुका, लहरी, वेंधळेपणा बायकोनं असा चारचौघांत मांडला आणि तरीही ज्याच्याविषयी पुस्तकात कडवटपणा उरला नाही, त्यानं घरात बोलायची मोकळीक ठेवली असली पाहिजे, इतकंच अनुमान मी काढतो. 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे पहिले दहा-अकरा अध्याय टिळकांनी लिहिले आणि काम अर्धवट राहिलं. पुढचे साठाहून अधिक अध्याय रचून ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी.