नागनदीचें पाणी व राज्याचा कायदा

नागनदी लाव्हा गांवाजवळील टेकड्यांत उगम पावून नागपूर शहरांतून वाहते व पूर्वेस कन्हान नदीस मिळते. कन्हान पुढें वैनगंगेस मिळते. शहराचें जें सांडपाणी शुद्ध न होतां नदींत पडतें, तें याच वाटेनें गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जातें. तेव्हां हा प्रश्न खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचाही आहे.

सांडपाण्यांत खताचा अंश असतो, म्हणून तें पिकास हितकर, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. साबणाच्या व कारखान्यांच्या पाण्यांतील सोडियमचे क्षार आमच्या काळ्या जमिनींत सांचले, म्हणजे मातीचे कण सुटे होऊन छिद्रें बुजतात व निचरा मंदावतो. शिवाय कच्च्या खावयाच्या भाजीपाल्यास तें पाणी दिल्यास जंतांचा उपद्रव होतो.

महाराष्ट्र राज्यानें जलप्रदूषणाविरुद्ध सन १९६९ चा कायदा केला व ७ सप्टेंबर १९७० रोजीं नियंत्रण मंडळ स्थापिलें. मध्यवर्ती सरकारचा १९७४ चा कायदा राज्यानें १ जून १९८१ पासून स्वीकारला. मंडळाच्या संमतीवांचून नदींत, विहिरींत अथवा जमिनीवर सांडपाणी सोडण्याची नवी व्यवस्था करतां येत नाहीं, हें त्याचें मुख्य सूत्र. कारखान्यांप्रमाणेंच नगरसंस्थांसही तें लागू आहे. घाण कुजतांना पाण्यांतील प्राणवायु शोषला जातो. ही प्राणवायूची मागणी सर्वसाधारण नियमानें नदींत सोडावयाच्या पाण्यांत दर लिटरीं ३० मिलिग्रॅम, व ओलितासाठीं जमिनीवर सोडावयाच्या पाण्यांत १०० मिलिग्रॅम यांहून अधिक नसावी.

मात्र कायदा आपण होऊन शेतापर्यंत येत नाहीं. शेतकऱ्यानें बाटलींत भरून नेलेलें पाणी कायदेशीर नमुना ठरत नाहीं. तो मंडळाच्या अधिकाऱ्यानें, सांडपाणी सोडणारास तेथेंच नोटीस देऊन घ्यावा व मोहोरबंद करावा लागतो. दूषित पाणी तर कांहीं तासांत वाहून जातें. म्हणून पाण्याचा रंग वा वास बदलतांच, अथवा मासे मेलेले दिसतांच, त्याच दिवशीं मंडळाच्या नागपूर येथील कार्यालयास लेखी कळवावें. अर्जांत नाल्याचें ठिकाण, दिवस व वेळ लिहावी, शेजारच्या शेतकऱ्यांच्या सह्या घ्याव्या व पोंच जपून ठेवावी. दोष सिद्ध झाल्यास कारखाना बंद करण्याचा व त्याची वीज तोडविण्याचा अधिकार मंडळास आहे. तो अधिकार वापरला जावा, यासाठीं वेळेवर केलेला अर्ज हेंच आमच्या हातचें साधन होय.