“मला मोकळं करा” म्हणणारा फौजी

वस्तीत आरोग्यभेटीला गेलो की एखाद्या पेन्शनर फौजीच्या घरी चहा होतो आणि निघताना वहिनी दारापर्यंत येऊन हळूच सांगतात, “ताई, हे रात्री दचकून उठतात. कुणाशी बोलत नाहीत. परवा म्हणाले, इंजेक्शन देऊन मोकळं करा, कोर्टानं परवानगी दिलीय.”

कोर्टाने अशी परवानगी दिलेली नाही.

मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला. १८ मे २०१५ ला मृत्यू होईपर्यंत त्या तिथेच होत्या. त्यांचे अन्न थांबवावे हा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला फेटाळला. केईएमच्या परिचारिकांचाही त्याला विरोध होता. इतकी वर्षे त्यांनीच अरुणाताईंना भरवले, पुसले, कूस बदलून दिली. आम्हा नर्सना याचा अभिमान वाटतो. त्याच निकालाने आणि पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने एवढेच मान्य केले की, बरे होण्याची आशाच उरलेली नाही अशा रुग्णाचे उपचार डॉक्टरांच्या मंडळाच्या संमतीने थांबवता येतात. तसे आधी लिहूनही ठेवता येते. इंजेक्शन देऊन जीव घेणे आजही गुन्हा आहे.

कॅनडात डॉक्टरांच्या मदतीने मरण २०१६ पासून कायदेशीर आहे. तिथे २०२२ मध्ये मदत मागायला आलेल्या माजी सैनिकापुढे सरकारी खात्याच्या कर्मचाऱ्यानेच मरणाचा पर्याय ठेवला, आणि देशभर संताप उसळला. माणूस उपचार मागतो आहे की मरण, हे ऐकणाऱ्याला कळले नाही तर काय होते, ते यात दिसते.

आपल्या फौजीचे “मोकळं करा” म्हणजे बहुतेक वेळा “झोप लागू द्या, हे डोक्यातलं थांबवा” असते. नोकरीत मनाचे दुखणे सांगितले तर मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, ही भीती तो घरीही घेऊन येतो. मग कॅन्टीनच्या रमवर झोप भागवतो. रमने झोप येते, पण पहाटे मोडते आणि उदासी वाढते. बाबासाहेबांनी पाठपुरावा केलेली महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. आपल्या कितीतरी घरांत गणवेशातला फोटो भिंतीवर आहे. त्या फोटोतला माणूस रडू शकतो, हे घरानेच आधी मान्य करायला हवे.

पेन्शनर सैनिकाला व त्याच्या पत्नीला ईसीएचएसचे कार्ड मिळते. पॉलिक्लिनिक देवळालीत आहे, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. कार्ड नसेल तर सिव्हिलचा मानसोपचार विभाग. रात्री-अपरात्री १४४१६ ला फोन लावा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. जीव देण्याचा प्रयत्न झालाच तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तणावग्रस्त मानले आहे, त्याला शिक्षा नाही.

आणि वहिनी, तो मरणाचे बोलला तर विषय बदलू नका. “खरंच तसं वाटतं का?” असे सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या मनात ते नव्याने येत नाही. त्या रात्री त्याला एकटे झोपू देऊ नका, औषधांचा डबा आपल्याजवळ ठेवा, आणि सकाळी कार्ड घेऊन त्याच्यासोबत तुम्हीही देवळालीला जा.