नाकाचे माप आणि सोयरिकीचे कुंपण

येत्या जनगणनेत प्रत्येकाच्या जातीची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केला, आणि 1931 नंतर प्रथमच सर्व जातींची मोजदाद होणार म्हटल्यावर एक जुना प्रश्न नव्या उत्साहाने विचारला जाऊ लागला: अमुक गावचे लोक मूळ कोणत्या वंशाचे? अमेरिकेच्या जनगणनेत वंशाचा रकाना असतो आणि तेथील लहानशा खेड्याचीही वांशिक टक्केवारी छापून येते. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत असा रकाना कधीच नव्हता. तरीही ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांपुरता तो प्रश्न विचारून पाहिला, तर त्याचे उत्तर शोधताना विज्ञानाने केलेल्या चुका उत्तरापेक्षा अधिक शिकवून जातात.

या तालुक्यांत कुणबी, आगरी, मराठा, बौद्ध, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, वारली आणि खैराच्या लाकडातून काथ काढण्याच्या धंद्यावरून ज्यांना नाव मिळाले ते कातकरी, असे अनेक समाज राहतात. शहापूर तालुक्यातील साधारण तिसरा हिस्सा लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पाड्यांतून राहणाऱ्या या समाजांचे भात एकाच मातीत पिकते आणि त्यांची बोलीही बरीचशी एकमेकांना समजणारी असते. परंतु सोयरीक मात्र, निदान गेल्या पिढीपर्यंत, ज्याने त्याने आपल्या गटातच केलेली दिसते. ज्या गटाच्या आतच बेटीव्यवहार होतो त्याला मानवशास्त्रात अंतर्विवाही गट म्हणतात, आणि पुढील सर्व विवेचनाचा कणा हाच शब्द आहे.

1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांना मात्र कणा नाकात सापडला होता. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की जो आकडा येतो त्याला नासिका-निर्देशांक म्हणतात; हा आकडा जितका लहान, म्हणजे नाक जितके चिंचोळे, तितकी जात वरची, असा रिस्ली यांचा सिद्धांत होता. याच मापनाच्या बळावर त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि कुणबी या दोघांनाही ‘शक-द्राविड’ असा एक संयुक्त वंश बहाल केला. नाकाची रुंदी हवेतील उष्मा आणि दमटपणा यांच्याशी निगडित असते, हे 1920 च्या दशकात दाखवून देण्यात आले, तेव्हा कोकणच्या पावसात शतकानुशतके राहिलेल्या माणसाचे नाक त्याच्या पूर्वजांविषयी सांगते की त्याच्या आभाळाविषयी, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1932 मध्ये या सिद्धांतावर टीका केली; पण त्याच सुमारास खरा वर्मी घाव घातला तो एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने.

हे प्राध्यापक म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस. त्यांना 1920 च्या नागपूर येथील विज्ञान परिषदेत प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनँडेल भेटले आणि कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे त्यांनी विश्लेषणासाठी महालनोबिस यांच्या स्वाधीन केली. ती मापे हाताळताना एक अडचण उभी राहिली. उंच माणसाचे हात बहुधा लांबच असतात. त्यामुळे दोन समाजांतील उंचीचा फरक आणि हातांच्या लांबीचा फरक यांची सरळ बेरीज करणे म्हणजे एकाच बैलाला एकदा शिंगांवरून आणि एकदा शेपटीवरून मोजून दावणीला दोन बैल असल्याचे सांगण्यासारखे होते. मापांचे हे परस्परसंबंध आधी वजा करून मग दोन गटांमधील एकूण अंतर काढण्याचे सूत्र महालनोबिस यांनी बसवले, 1936 मध्ये ते पूर्ण स्वरूपात मांडले, आणि आज संगणकाला चेहरा ओळखायला शिकवणारे अभियंतेही ‘महालनोबिस अंतर’ वापरतात, तेव्हा त्याचा उगम माणसांच्या जाती मोजण्यात आहे याची त्यांना क्वचितच कल्पना असते. याच महालनोबिसांनी रिस्ली यांचे बंगालचे तक्ते तपासून, त्यांतील चुका दुरुस्त करून, 1933 मध्ये ते नव्याने छापले. ज्या आकड्यांवर वंशांची एवढी मोठी इमारत उभी होती ते आकडेच आधी सुधारून घ्यावे लागले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती.

महाराष्ट्रात हे मापनशास्त्र ज्यांनी सर्वाधिक सावधपणे वापरले त्या इरावती कर्वे मराठी वाचकाला ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत, आणि त्यांच्या वैज्ञानिक कामावर त्या कीर्तीची सावली पडली आहे. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेवर प्रबंध लिहिला आणि या असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा गुरूच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा निष्कर्ष काढला. त्या काळात, त्या संस्थेत, हे धाडस लहान नव्हते. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील समाजांची शरीरमापे 1951 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. कर्वे यांचे म्हणणे असे होते की, एक मूळ जात फुटून तिच्या पोटजाती झाल्या ही समजूत सर्वत्र लागू पडत नाही. उलट निरनिराळ्या मुळांचे, आपापसात सोयरीक न करणारे गट एका धंद्यामुळे एका नावाखाली गोळा झालेले असतात. कोळी हे नाव त्याचे घरचे उदाहरण मानता येईल: खाडीवरचा सोनकोळी आणि डोंगरातील भातशेती करणारा महादेव कोळी यांच्यात नाव सामाईक आहे, बेटीव्यवहार नाही.

आनुवंशिक द्रव्याच्या, म्हणजे डीएनएच्या, अभ्यासाने या मताला नवे परिमाण दिले. 2009 मध्ये 25 भारतीय गटांचा आणि 2013 मध्ये 73 गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचा मोठा वाटा होता. भारतातील जवळजवळ प्रत्येक गट, भिल्लांसारख्या डोंगरी जमातीसुद्धा, किमान दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून घडलेला असून हे मिश्रण साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वी झाले आणि नंतर थांबत गेले, असे त्यातून दिसले. तानसा आणि भातसा या धरणांत एकाच सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे पाणी असते, भिंती उभ्या राहिल्यावर मात्र प्रत्येक जलाशयाचा गाळ निराळा साचतो, तसा हा प्रकार आहे. मुरबाडमधील वैशाखरे गावातून वर चढणारा नाणेघाट आणि त्यातील सातवाहनांचा लेखही सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे ते मिश्रण ओसरत असतानाचा आहे. ज्या वाटेने कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरकडे जात होता त्या वाटेने माणसे येऊन राहिली नसतील असे मानणे कठीण आहे, आणि या तालुक्यांना ‘जगापासून तुटलेले’ म्हणणाऱ्यांनी हा घाट एकदा चढून पाहावा.

सोयरिकीच्या या भिंतींचा परिणाम आरोग्यावर होतो. कणगीतून मूठभर बियाणे घेतले आणि त्या मुठीत योगायोगाने लाल दाणे जास्त आले, तर पुढील प्रत्येक हंगामात त्या शेतात लाल भात जास्त दिसेल. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या गटात एखादा दुर्मिळ दोष असाच प्रमाणाबाहेर वाढतो आणि त्याला संस्थापक परिणाम म्हणतात. 2017 मध्ये तपासलेल्या 263 दक्षिण आशियाई गटांपैकी 81 गटांत हा परिणाम त्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र आढळला. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची गोष्ट निराळी आहे, कारण तो जनुकदोष हिवतापापासून संरक्षण देतो म्हणून टिकला. पण कोणत्या गटात तो किती राहिला हे ठरवण्यात सोयरिकीच्या कुंपणाचाही हात आहे. लाळ मागवून ‘मूळ’ टक्केवारीत सांगणाऱ्या कंपन्यांच्या आकड्यांतून यांतले काहीच कळत नाही. त्यांची टक्केवारी म्हणजे रिस्लींचे नाकच नव्या वेष्टनात, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आदिवासी भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होत आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ढोर कोळी, महादेव कोळी आणि मल्हार कोळी यांना तीन वेगळ्या ओळी आहेत, तर का ठाकूर आणि मा ठाकूर हे परंपरेने एकमेकांत सोयरीक न करणारे दोन गट, आणि तसेच सोन कातकरी व ढोर कातकरी, प्रत्येकी एकाच ओळीत बसवलेले आहेत. प्रशासनाला ती ओळ पुरेल, जीवशास्त्राला पुरणार नाही. म्हणून या तपासणीच्या नोंदवहीत ‘सोयरीक कोणत्या गटात होते’ असा एक रकाना आरोग्य विभागाने वाढवावा. त्याला खर्च एका उभ्या रेघेचा आहे.