कुत्र्याच्या नाकाशी घंटा

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, या प्रश्नावर उंदरांची सभा कशी मोडली, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. कुत्र्याची घंटा मात्र त्याच्या गळ्यात बांधायची नसते. ती दाराच्या कडीला, त्याच्या नाकाच्या उंचीवर टांगायची, आणि ती वाजवायची कुत्र्याने! लघवीला किंवा शौचाला जायची वेळ झाली की कुत्रा दाराशी येतो, नाकाने घंटा हलवतो, घरातले कोणीतरी उठून दार उघडते आणि स्वारी बाहेर पडते. कुत्रे पाळणाऱ्या अनेक घरांत ही युक्ती शिकवतात. ती शिकायला कुत्रा फार असामान्य असावा लागत नाही.

घरी आलेल्या पाहुण्यांना याचे मोठे कौतुक वाटते. "काय हुशार आहे हो! अगदी माणसासारखा सांगतो," असे ते म्हणतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र येथे क्षणभर थांबायला हवे. कुत्र्याला नेमके काय कळले? घंटेचा अर्थ त्याला समजला का? आणि समजला असे आपण कशावरून म्हणायचे? या लहानशा घंटेमागे सव्वाशेहून अधिक वर्षांचे संशोधन उभे आहे. त्याची ओळख करून घेऊ आणि जमल्यास घरी पडताळूनही पाहू.

फाटक उघडणारा टोनी

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे कॉनवी लॉइड मॉर्गन (१८५२–१९३६) नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे टोनी नावाचा फॉक्स टेरियर जातीचा कुत्रा होता. बागेच्या लोखंडी फाटकाची कडी डोक्याने उचलून तो रस्त्यावर निघून जाई. येणाऱ्या-जाणाऱ्याने हे पाहिले असते, तर "कडी उचलली की फाटक उघडते हे या कुत्र्याला कळले आहे," असेच तो म्हणाला असता.

पण मॉर्गन यांनी ही गोष्ट अगदी सुरुवातीपासून पाहिली होती. रस्त्यावरची गंमत पाहण्यासाठी टोनी कठड्याच्या गजांमधून ठिकठिकाणी डोके बाहेर काढीत असे. एकदा त्याचे डोके नेमके कडीखाली आले. कडी उचलली गेली, पण टोनीचे तिकडे लक्षही नव्हते. फाटक आपोआप सरकून उघडले आणि तो बाहेर पळाला. त्यानंतर तो चुकीच्या गजांमधून डोके घालण्याचे हळूहळू कमी करू लागला. सरळ जाऊन अचूक जागी डोके घालायला त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले.

यावरून मॉर्गन यांनी १८९४ साली एक नियम मांडला. प्राण्याच्या एखाद्या वागण्याचा उलगडा साध्या मानसिक क्रियेने होत असेल, तर त्यासाठी अधिक वरच्या दर्जाची बुद्धी गृहीत धरू नये. याचा अर्थ प्राणी मठ्ठ असतात असा नव्हे. पुराव्यापेक्षा जास्त बोलू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. हा नियम भौतिकशास्त्रालाही तितकाच लागू पडतो.

ही पाव्हलॉव्हची घंटा नव्हे

कुत्रा आणि घंटा म्हटले की तुमच्यापैकी पुष्कळांना इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाची आठवण होईल. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न देण्याआधी एखादा ठरावीक आवाज पुन्हापुन्हा ऐकवला, की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी ते मेट्रोनोमची टिकटिक, विजेचा दिवा, त्वचेला स्पर्श असे अनेक उद्दीपक वापरीत. या प्रकारच्या शिकण्याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

आता फरक लक्षात घ्या. पाव्हलॉव्हच्या प्रयोगात आवाज करतो शास्त्रज्ञ, आणि कुत्रा तो ऐकतो. लाळ सुटणे त्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. आपल्या दारावरची घंटा कुत्रा स्वतः वाजवतो, आणि त्यामुळे बाहेरच्या जगात काहीतरी घडते. पहिल्या घंटेने कुत्र्याला बातमी मिळते, दुसरीने कुत्रा काम करवून घेतो. दोन्ही घंटाच, पण शिकण्याचे प्रकार निराळे.

या दुसऱ्या प्रकाराचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी केला. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधात मांजरे, कुत्रे आणि कोंबडीची पिले यांवरील प्रयोग आहेत. भुकेल्या मांजराला ते फळ्यांच्या पेटीत ठेवीत आणि बाहेर खाऊ ठेवीत. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. मांजर आधी ओरबाडे, चावे, धडपडे आणि केव्हातरी योगायोगाने दोरी ओढली जाई. दर खेपेला लागणारा वेळ थॉर्नडाइक मोजीत. तो वेळ एकदम कमी झाला नाही. चढउतार होत होत तो हळूहळू घटत गेला. यावरून त्यांनी परिणामाचा नियम मांडला: ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक होतो, ती कृती त्या परिस्थितीत पुन्हा होण्याचा संभव वाढतो.

पुढे बी. एफ. स्किनर यांनी असा परिणाम देऊन कृती दृढ करण्याच्या क्रियेचा, म्हणजेच प्रबलनाचा, सखोल अभ्यास केला. योगायोगाची वाट पाहत न बसता लहान-लहान पायऱ्यांनी हवे ते वागणे कसे घडवता येते, हे त्यांनी १९५१ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील एका लेखात सर्वसामान्य वाचकांना समजावून सांगितले. दारावरच्या घंटेचे शिक्षण याच पद्धतीने होते.

घरी करून पाहा

घरी पाळलेला आणि रेबीजची लस टोचलेला कुत्रा असेल, तरच हा प्रयोग करा, आणि मोठ्या माणसांना सांगून करा. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यावर तो मुळीच करू नका.

साहित्य थोडेच लागते: एक लहान घंटा किंवा पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधतात तशा मोठ्या घुंगरांचा पट्टा, मजबूत दोरी आणि भाकरीचे बारीक तुकडे. घुंगरू इतके मोठे व पक्के असावेत, की ते तुटून कुत्र्याच्या पोटात जाणार नाहीत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. धातूच्या घंटेतून मूळ सुराबरोबर पुष्कळ उच्च कंप्रतेचे स्वरही निघतात. म्हणून आपल्याला मंजुळ वाटणाऱ्या आवाजाने एखादे पिलू दचकू शकते. तसे झाल्यास घंटेभोवती फडके गुंडाळा आणि ते रोज थोडे थोडे सैल करा.

पहिली पायरी: घंटा हातात धरून कुत्र्यासमोर न्या. कुतूहलाने तो हुंगेल. नाक लागून आवाज झाला, की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणा आणि तुकडा द्या. येथे वेळेला फार महत्त्व आहे. तुकडा चार-पाच सेकंदांनी दिलात, तर त्या वेळी कुत्रा इकडे-तिकडे पाहत असेल आणि बक्षीस मिळेल ते पाहण्याला! त्याचा पंजा धरून घंटेवर आपटू नका. कृती त्याची स्वतःची असली पाहिजे. आठ-दहा वेळा झाले की थांबा.

दुसरी पायरी: घंटा दाराला टांगा आणि हेच तेथे करा.

तिसरी पायरी: कुत्र्याला बाहेर नेण्याच्या प्रत्येक वेळी आधी दाराशी थांबा. त्याने घंटा हलवली की दार उघडा. आता भाकरीचा तुकडा हळूहळू बंद करा, कारण दार उघडणे हेच बक्षीस झाले आहे. पिलू झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला बाहेर जायची गरज असते. या वेळा चुकवू नका.

चौथी पायरी कुत्र्याची नाही, तुमची आहे. त्याने आपणहून घंटा वाजवली की लगेच उठायचे. त्याला साखळी लावून नेहमीच्या एकाच जागी न्या आणि पाचेक मिनिटे शांत उभे राहा. काम झाले तर कौतुक करा आणि मग फिरवा, खेळवा. काम झाले नाही तर न रागावता घरात परत या.

नोंदवही आणि आलेख

रोज पाच वेळा, दाराशी उभे राहिल्यापासून घंटा वाजेपर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजा. क्ष-अक्षावर प्रयत्नांची संख्या आणि य-अक्षावर सेकंद घेऊन आलेख काढा. तो एकदम खाली कोसळतो, की थॉर्नडाइक यांच्या मांजरांप्रमाणे चढउतार करीत उतरतो, हे तुमचे तुम्हीच पाहा.

शिक्षण पुरे झाल्यावर दोन कसोट्या घ्या. एकदा घंटेचा लोलक कापडाने बांधून टाका. नाक लावूनही आवाज झाला नाही, तर कुत्रा पुन्हा जोराने ढकलतो, की आवाज झाल्यासारखाच दाराकडे पाहत राहतो? पहिले घडले तर आवाजाला त्याच्या लेखी महत्त्व आहे. दुसऱ्या कसोटीत घंटा दारापासून दोन हात बाजूला टांगा. तो घंटेकडे जातो, की जुन्या जागी नाक लावतो? प्रत्येक कसोटीनंतर दार मात्र उघडाच. कुत्र्याची अडवणूक करून मिळालेले निरीक्षण आपल्याला नको.

या कसोट्या घेताना स्वतः दुसऱ्या खोलीत राहा आणि दाराच्या फटीतून हळूच पाहा. बर्लिनमधील 'हुशार हान्स' नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो असे मानले जाई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवले, की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची अगदी सूक्ष्म हालचाल पाहून तो थांबत असे. तुमची नजर घंटेकडे गेली, तर कुत्रा घंटेऐवजी तुम्हालाच वाचील.

घंटेचा अर्थ कोण ठरवतो?

काही दिवसांनी बहुतेक घरांत एक तक्रार ऐकू येते: "आता हा उगीचच घंटा वाजवतो! बाहेर नेले की नुसता खेळतो." कुत्रा लबाड झाला का? मॉर्गन यांचा नियम आठवा. आपण मनात म्हणत होतो, "घंटा म्हणजे लघवी." पण कुत्र्याने प्रत्यक्षात अनुभवले ते असे: घंटा वाजली की दार उघडते आणि बाहेर मजा असते. त्याचा निष्कर्ष अगदी बरोबर आहे, आपल्याच प्रयोगाची मांडणी सैल होती. म्हणूनच चौथ्या पायरीत आधी काम आणि मग खेळ, असा क्रम सांगितला. मात्र कुत्रा वारंवार घंटा वाजवत असेल आणि बाहेर थेंब-थेंबच लघवी करीत असेल, तर ते दुखण्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी त्याला पशुवैद्याकडे न्यावे.

मग कुत्रा 'सांगतो' असे म्हणायचेच नाही का? तसेही नाही. बुडापेस्ट येथील आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली माणसांनी वाढवलेले लांडगे आणि कुत्रे यांची तुलना प्रसिद्ध केली. मांस मिळवण्याची युक्ती आधी दोघांनाही शिकवली आणि मग ती मुद्दाम अशक्य करून ठेवली. कुत्रे लवकरच वळून माणसाच्या चेहऱ्याकडे पाहू लागले. लांडग्यांनी असे फारच कमी केले. अडचण आली की माणसाकडे वळणे हा कुत्र्याचा विशेष आहे. घंटा नसतानाही तो दाराशी घुटमळतो, आपल्याकडे पाहतो. आपण वाचनात किंवा कामात गढलेले असतो, एवढेच. घंटेमुळे त्याची नजर आपल्या कानांपर्यंत पोचते.

घरात घाण झाली तर?

पुष्कळ ठिकाणी अशा वेळी कुत्र्याला मारतात किंवा त्याचे नाक घाणीत घासतात. आतापर्यंतचे वाचून यातला दोष तुम्ही ओळखला असेल. एका सेकंदात दिलेले बक्षीस आणि पाच सेकंदांनी दिलेले बक्षीस यांत एवढा फरक पडतो, तर तासाभराने दिलेली शिक्षा कुत्रा कशाशी जोडणार? "त्याचा चेहराच सांगतो, आपण चुकलो हे त्याला कळते," असे लोक म्हणतात. न्यूयॉर्कमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला होता की नव्हता, याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसे, मग कुत्र्याने काही केलेले असो वा नसो. म्हणजे ज्याला आपण कबुली समजतो, ते आपल्याच रागाला दिलेले उत्तर असते. मार खाऊन कुत्रा फार तर आपल्यासमोर लघवी करायला घाबरू लागतो आणि पलंगाखाली जागा शोधतो.

वाजवलेल्या घंटेला उत्तरच मिळाले नाही, तर तेही शिक्षणच ठरते. प्रबलन थांबले की शिकलेली कृती हळूहळू मावळते. शास्त्रज्ञ याला विलोपन म्हणतात. कुत्र्याने तीन दिवस घंटा वाजवली आणि कोणी उठले नाही, तर चौथ्या दिवशी तो वाजवणार नाही, आणि घाण झाली म्हणून बोल मात्र त्यालाच लागेल. घंटा दाराला टांगण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून एवढे ठरवून घ्या, की ती वाजल्यावर सकाळी कोण उठणार, दुपारी कोण आणि रात्री कोण. कुत्र्याला शिकायला काही दिवस पुरतात, आपल्या वाट्याचे काम मात्र तो आपल्याजवळ असेल तितकी वर्षे चालते.